कॉलेजचा पोशाख आणि घरचा कपडा



बारावीचा निकाल लागला, की कवठे महांकाळच्या एस. टी. स्टँडवर एकच बोलणे ऐकू येते. पोरीला कुठे घालायची? सांगलीला, मिरजेला, की थेट पुण्या-मुंबईला? त्यात एखाद्या मिशनच्या कॉलेजचे नाव निघाले, की कुणीतरी जाणते माणूस हमखास म्हणते, “तिथं घाला. तिथं शिस्त हाय. कपड्यालत्त्याची थेरं चालत न्हाईत.”

या एका वाक्यावर कितीतरी मुलींचे पुढचे शिक्षण ठरते. कॉलेजची शिस्त बघून बाप परवानगी देतो. म्हणून शहरातल्या लोकांप्रमाणे पोशाखाच्या नेमांना सरसकट नावे ठेवणे मला जमत नाही. पण नेम कशासाठी केला आहे, हे विचारायचे की नाही? निदान गुरुजनांनी तरी विचारावे.

मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज जेझुइट पाद्र्यांनी १८६९ साली काढले. तिथे २०१७ साली फाटक्या जीन्सना बंदी झाली. फाटक्या म्हणजे वापरून फाटलेल्या नव्हेत बरं का. दुकानातूनच गुडघ्यावर फाडून आणलेल्या, आणि वर पैसे मोजून! असे कपडे घालणे ही गरिबांची थट्टा आहे, असे कारण त्या वेळी बातम्यांत आले होते. हे कारण आपल्याकडे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेली माणसे अजून गावोगाव आहेत. लुगड्याला लुगड्याचेच ठिगळ लावून दिवस काढलेल्या आजीला विचारा, फाटका कपडा हौसेने घालतात का! बंदी घालावी की नुसते समजावून सांगावे, यावर वाद होईल. पण कारण सांगितले म्हणून वाद तरी घालता येतो. पुष्कळ ठिकाणी नुसती पाटी असते, कारण नसतेच.

ख्रिस्ती संस्था म्हणजे कपड्यांवर बंधने, असे समजणेही पुरते खरे नाही. दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडार जातीच्या बायकांना छाती झाकण्याची मनाई होती. त्यांच्यातल्या ख्रिस्ती झालेल्या बायका मिशनऱ्यांच्या आधाराने जाकिटे घालू लागल्या, तेव्हा त्यांना मारहाण झाली, घरे जळाली. अनेक वर्षांच्या झगड्यानंतर १८५९ साली राजाला परवानगीचे फर्मान काढावे लागले. अंगभर कपडा हाच तिथे बंडाचा कपडा होता.

दुसरी गोष्ट आपल्या शेजारची आहे. रेव्हरंड वाइल्डर हे पाद्री कोल्हापुरात कित्येक वर्षे काम करून अमेरिकेला परतले होते. त्यांना १८७८ साली गोपाळराव जोशांनी बायकोच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र लिहिले. उत्तराचा रोख धर्म बदलण्याकडे होता. ते काही जमले नाही. पण ते पत्र अमेरिकेत छापले गेले, एका बाईंच्या वाचनात आले, आणि पुढे १८८३ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज उभे करण्यात क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा पुढाकार होता. तिथला १८८५ सालचा एक फोटो प्रसिद्ध आहे. आनंदीबाई लुगड्यात, जपानची विद्यार्थिनी किमोनोत, सीरियाची तिच्या देशच्या वेषात. मुडदे चिरायला शिकणाऱ्या या तिघी आपापल्या वेषात दिसतात. त्याच अमेरिकेत बॉब जोन्स नावाच्या कडक ख्रिस्ती विद्यापीठात मुलींनी वर्गात पँट घालायला परवानगी मिळाली, ती २०१८ साली. नेम माणसेच करतात, आणि माणसेच बदलतात.

आता कायद्याचे थोडे. अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क घटनेच्या तिसाव्या कलमाने दिला आहे. केरळात एका ख्रिस्ती संस्थेच्या शाळेत दोन मुसलमान मुलींना डोक्याला रुमाल आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवा होता. डिसेंबर २०१८ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने संस्थेचा अधिकार वरचढ मानला. उलट चेंबूरच्या एका कॉलेजच्या बाबतीत — हे ख्रिस्ती नव्हे — मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची मागणी फेटाळली, तरी सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०२४ रोजी हिजाब, टोपी आणि बिल्ला यांच्यावरची बंदी तात्पुरती थांबवली. वर्गात बुरखा मात्र नको, असेही सांगितले. तेव्हा कायदा एका वाक्यात सांगणारा भेटला, तर त्याच्यावर फार विसंबू नका.

गुरुजी, तुम्हाला एक विनंती. मुलीचा अर्ज भरताना कॉलेजचे माहितीपत्रक तिच्या आईबापांसमोर मोठ्याने वाचा. नेम मुलांनाही आहेत, की ओळीमागून ओळ मुलींच्याच बाह्यांची आणि ओढणीची? ठरावीक रंगाचे दोन जोड शिवायला सांगितले असतील, तर द्राक्षाचे पैसे हाती यायच्या आधी ते कुठून आणायचे? आणि फाटकावर मुलीचे कपडे तपासणार कोण, बाई की बाप्या? हे विचारायला बाप लाजतो, आईला बोलू देत नाहीत. तुम्ही विचारा.

आणि मुलीला ते कपडे घालून रोज सकाळी मिरजेची गाडी पकडायची आहे, उभ्याने जायचे आहे, संध्याकाळी परत येऊन भाकरी थापायची आहे. तिला एकदा विचारा, “बाई गं, तुला यात चालता येतं का?”