खडूची खूण

(आमच्या मासिक बैठकीत अकिरा कुरोसावा या जपानी दिग्दर्शकावर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना झालेले पाल्हाळ इथे कमी केले आहे.)



सिनेमावर बोलायला मी काही जाणकार नाही. माझा दिवस प्रयोगशाळेत प्रथिनांच्या मागे जातो. पण पुण्यात कॉलेजात असताना लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म अर्काइव्हमध्ये मी 'राशोमोन' पाहिला, आणि तेव्हापासून कुरोसावाने मला एका प्रश्नात अडकवून ठेवले आहे. आज त्याचे आयुष्य थोडक्यात सांगतो आणि जाता जाता तो प्रश्न तुमच्याही गळ्यात टाकतो.

कुरोसावाचा जन्म २३ मार्च १९१० चा, टोकियोतला. आठ भावंडांत हा शेंडेफळ. वडील सामुराई घराण्यातले, शिस्तीचे कडक, पण मुलांना सिनेमाला आवर्जून नेणारे. चार वर्षांनी मोठा भाऊ हेइगो हा त्याचा खरा गुरू. हा हेइगो पुढे 'बेन्शी' झाला. मूकपटाच्या काळात पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगणारा, पात्रांचे संवाद म्हणणारा कलावंत म्हणजे बेन्शी. आपल्या कीर्तनकाराची आठवण व्हावी असा. बोलपट आले, बेन्शींचे पोट गेले, आणि १९३३ मध्ये हेइगोने आत्महत्या केली.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट त्याच्या दहा वर्षे आधीची. १ सप्टेंबर १९२३ ला टोकियो-योकोहामा भागात भीषण भूकंप झाला, आगी लागल्या, लाखभर माणसे मेली. त्या धुमाळीत अफवा उठली की कोरियन लोक विहिरीत विष टाकत आहेत. जमावांनी हजारो कोरियन लोकांना ठार मारले. तेरा वर्षांच्या अकिराला हेइगो ते उद्ध्वस्त शहर पाहायला घेऊन गेला. प्रेतांचे ढीग पाहून पोरगा मान फिरवायला लागला की भाऊ त्याला पुन्हा तिकडेच बघायला लावी.

कुरोसावाने आत्मचरित्रात त्या दिवसांतला आणखी एक प्रसंग लिहिला आहे. शेजारपाजारची माणसे एका विहिरीचे पाणी पिऊ नका म्हणून सांगत होती. विहिरीच्या भिंतीवर खडूने काहीतरी विचित्र खूण केलेली होती, आणि ती म्हणजे विष टाकल्याची कोरियन लोकांची सांकेतिक भाषा, असे ठरले होते. अकिरा थक्क झाला. ती खूण त्याने स्वतःच, खेळता खेळता, गिरबटलेली होती.

हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून बसलो. माणसे मारली जात आहेत, त्यामागे असलेल्या 'पुराव्या'तला एक तुकडा आपल्या हातचा आहे, आणि आपल्याला पत्ताही नाही! व्हॉट्सॲपच्या जमान्यात आपल्यापैकी कितीजणांनी अशा खुणा पुढे पाठवल्या असतील, देव जाणे.

पुढचे पटकन सांगतो. कुरोसावाला चित्रकार व्हायचे होते. विशीच्या आसपास काही काळ तो डाव्या चळवळीत होता, बेकायदा वर्तमानपत्राचे कामही केले. १९३६ मध्ये तो एका फिल्म स्टुडिओत सहायक दिग्दर्शक म्हणून लागला आणि १९४३ मध्ये त्याचा पहिला सिनेमा आला. पुढच्या वर्षी त्याने युद्धसाहित्याच्या कारखान्यात राबणाऱ्या मुलींवर प्रचारपट केला. त्या काळाबद्दल तो नंतर स्पष्ट लिहितो की मी लष्करशाहीला विरोध केला नाही, तेवढे धैर्य माझ्यात नव्हते. युद्धानंतर "मी आतून विरोधातच होतो" म्हणणाऱ्यांची कोणत्याच देशात वाण नव्हती, म्हणून हे वाक्य मला मोलाचे वाटते.

आता १९५० चा 'राशोमोन'. अकुतागावाच्या दोन कथांवरून केलेला. जंगलात एका सामुराईचा खून होतो. डाकू, सामुराईची बायको आणि मांत्रिक स्त्रीच्या तोंडून बोलणारा खुद्द मेलेला सामुराई, असे तिघे आपापली हकीकत सांगतात. तिन्ही हकीकती वेगळ्या. शेवटी, हे सगळे लपून पाहिलेला लाकूडतोड्या चौथी सांगतो. १९५१ मध्ये या सिनेमाला व्हेनिसचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. तो तिथे पाठवला आहे हे कुरोसावाला माहीतही नव्हते. त्यानंतर तो अमेरिकेत आला आणि त्याला खास ऑस्करही मिळाले.

या देशात 'राशोमोन इफेक्ट' हा शब्दप्रयोग कोर्टापासून समाजशास्त्रापर्यंत सगळीकडे ऐकू येतो. अर्थ असा घेतात की प्रत्येकाचे सत्य वेगळे, खरे काय ते कोणालाच कळायचे नाही. माझ्या वैज्ञानिक मनाला हे पहिल्यापासून खटकत आले आहे. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळले नाहीत तर 'सत्य सापेक्ष आहे' म्हणून आम्ही घरी जात नाही. कोणाच्या मोजण्यात काय चुकले ते शोधतो.

सिनेमा नीट पाहिला तर एक गंमत दिसते. गुन्हेगार सहसा म्हणतो, मी केले नाही. इथे उलटे आहे. डाकू म्हणतो, मी मर्दासारखा लढून मारला. बायकोची हकीकत अशी की तिच्याच हातचा खंजीर नवऱ्याच्या छातीत होता. नवरा म्हणतो, मी स्वतःला संपवले. तिघेही मृत्यू स्वतःच्या अंगावर घेतात! शिक्षा टाळण्यासाठी कोणीच खोटे बोलत नाही. प्रत्येकाला स्वतःच्या मनातली स्वतःची तसबीर शाबूत ठेवायची आहे. आणि ज्याची साक्ष आपल्याला निःपक्षपाती वाटते, त्या लाकूडतोड्याने जागेवरचा मौल्यवान खंजीर पळवला आहे. सांगताना नेमका तेवढा भाग तो गाळतो.

शूटिंगच्या आधी सहायकांना पटकथा कळेना, तेव्हा कुरोसावाने हेच समजावले होते: माणसाला स्वतःबद्दल स्वतःशीसुद्धा खरे बोलता येत नाही. त्याने आत्मचरित्रही 'राशोमोन'पाशी येऊन थांबवले, कारण आपणही त्याच जातीचे, हे त्याला उमगले होते.

१९५२ चा 'इकिरू' पाहिला तर तिथेही हेच. पोटाच्या कॅन्सरने मरायला टेकलेला एक सरकारी अधिकारी अखेरच्या महिन्यांत धडपडून, गलिच्छ डबक्याच्या जागी मुलांसाठी बाग करवून घेतो. तो गेल्यावर जमलेले सहकारी आधी श्रेय वाटून घेतात, मग दारूच्या भरात रडून शपथा घेतात, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात पुन्हा तीच फाईल या टेबलावरून त्या टेबलावर. २०२२ मध्ये काझुओ इशिगुरोच्या पटकथेवर याचाच इंग्रजी अवतार 'लिव्हिंग' आला. ज्यांनी कुरोसावा मुळीच पाहिलेला नाही त्यांनी 'इकिरू'पासून सुरुवात करावी.

अमेरिकेचे आणि कुरोसावाचे नाते मोठे विचित्र होते. त्याच्या गोष्टी इकडे फार चालल्या. 'सेव्हन सामुराई'चा (१९५४) 'मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) झाला, आणि तोच धागा आपल्या 'शोले'पर्यंत आला. 'हिडन फोर्ट्रेस'चे ऋण 'स्टार वॉर्स'च्या जॉर्ज लुकसने स्वतः मान्य केले आहे. इकडे जपानात मात्र त्याच्यावर आरोप की हा पाश्चात्त्यधार्जिणा. कारण काय, तर त्याने डोस्टोव्हस्की घेतला, गॉर्की घेतला, मॅकबेथचा 'थ्रोन ऑफ ब्लड' केला. शिरवाडकरांनी मॅकबेथचा 'राजमुकुट' केला, किंग लिअरची सावली 'नटसम्राट'वर पडली, म्हणून त्यांना कोणी परके म्हटले नाही. परक्याची गोष्ट घेऊन ती आपल्या मातीत रुजवणे हे दोघांनीही केले.

साठीच्या दशकाच्या शेवटी हॉलिवूडने प्रत्यक्ष कुरोसावालाच बोलावले. पर्ल हार्बरवरच्या 'तोरा! तोरा! तोरा!' या सिनेमाची जपानी बाजू त्याने करायची होती. डिसेंबर १९६८ मध्ये क्योटोत शूटिंग सुरू झाले आणि काही आठवड्यांतच ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने त्याला काढून टाकले. स्टुडिओ म्हणाला, त्याची मानसिक प्रकृती ठीक नाही. तो म्हणाला, मला काहीही झालेले नाही. अंतिम निर्णय कोणाचा, याबद्दल दोन्हीकडच्या समजुतीच वेगळ्या होत्या. म्हणजे पुन्हा राशोमोनच! १९७० चा 'दोदेसकादेन' पडला, काम मिळेना, आणि डिसेंबर १९७१ मध्ये एकसष्ट वर्षांच्या या माणसाने मनगटे आणि गळा कापून घेतला. सुदैवाने तो वाचला. सोव्हिएत निर्मितीचा 'देर्सू उझाला' करून त्याने १९७६ मध्ये पुन्हा ऑस्कर मिळवले. मग लुकस आणि कोपोला यांनी खटपट करून 'कागेमुशा'ला (१९८०) पैसे उभे करून दिले, तेही त्याच फॉक्सकडून. फ्रेंच निर्मात्याच्या मदतीने लिअरवरचा 'रान' १९८५ मध्ये झाला. १९९० मध्ये ऐंशीव्या वर्षी जीवनगौरव ऑस्कर घेताना तो म्हणाला की सिनेमा म्हणजे काय ते मला अजून पुरते कळलेले नाही. ६ सप्टेंबर १९९८ ला तो गेला.

त्याचा शेवटून दुसरा सिनेमा, १९९१ चा 'ऱ्हॅप्सडी इन ऑगस्ट'. नागासाकीत नवरा गमावलेली आजी, तिची नातवंडे आणि हवाईहून आलेला अर्धा जपानी पुतण्या. जपानने आशियात काय केले त्याचा यात उल्लेख का नाही, असे अनेकांनी विचारले. युद्धे सरकारे करतात, सामान्य माणसे नव्हेत, असा त्याचा सूर होता. मला ते उत्तर पुरेसे वाटत नाही. विहिरीवरच्या खडूची खूण लिहून ठेवणारा माणूस इथे थोडा लाकूडतोड्या झाला, असे मला वाटते. त्याच्यावर प्रेम असूनही हे म्हणावे लागते.

आणि आता माझा खंजीर.

माझ्या मुलीला मी लहानपणापासून एक गोष्ट सांगत आलो आहे: तुझा बाबा दोन बॅगा घेऊन या देशात आला, आणि पुढचे सगळे स्वतःच्या हिमतीवर केले. तुम्हीही सांगितली असेल, आपल्या सगळ्यांची ती आवडती गोष्ट आहे. मागच्या वर्षी ती कॉलेजच्या कर्जाचे आकडे मांडून बसली होती. तिने सहज विचारले, "बाबा, तुझ्या कॉलेजची फी कोणी भरली?"

मी म्हटले, "अगं, तिकडे फी अशी नव्हतीच."

"म्हणजे कोणीतरी भरलीच ना?"

भरली होती. अनुदानित कॉलेज, म्हणजे महाराष्ट्राच्या करदात्याने. त्यात आमच्या सोसायटीचा जिना झाडायला येणाऱ्या बाईही आल्या, कारण काडेपेटी आणि साबणावर कर त्याही भरत होत्या. त्यांचा मुलगा माझ्याच वयाचा. तो कधीतरी शाळेतून गळाला. मला त्याचे नाव आठवत नाही. घरात तीन पिढ्यांची पुस्तके, इंग्रजीसाठी शेजारच्या निवृत्त मास्तरांकडे फुकट शिकवणी, आडनावावरून कोणी कधी दारात थांबवले नाही. हे सगळे त्या दोन बॅगांत होते, पण मी सांगताना गाळत आलो.

२०२३ मध्ये सिएटलने भेदभावविरोधी कायद्यात जातीचा समावेश केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तसे विधेयक मंजूर झाले आणि गव्हर्नरांनी ते नाकारले. त्या वेळी आपल्या मंडळींत झालेले वाद आठवा. "आम्ही इथे जात पाळत नाही", "आम्ही तर गुणवत्तेवर आलो." कायदा हवा की नको यावर मतभेद असू शकतात, आजही इथे असतील. पण त्या वादात आपण खरेच खोटे बोलत होतो का? मला वाटते, नाही. आपण डाकू, बायको आणि सामुराई यांच्यासारखे बोलत होतो, आपापली तसबीर सांभाळून. दुसऱ्या बाजूची हकीकत ऐकली तर आपला गाळलेला भाग कोणता ते कळले असते.

'राशोमोन'च्या शेवटी पावसात एक टाकून दिलेले तान्हे मूल सापडते. खंजिराची चोरी उघडी पडलेला लाकूडतोड्या खजील उभा असतो. आधीच घरात सहा पोरे, तरी तो ते मूल उचलतो आणि घरी न्यायला निघतो. आपण काय चोरले हे कळल्यानंतरच त्याला ते उचलता आले, असे मला अलीकडे वाटते.

मुलीला मी दोन बॅगांची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी न गाळता. ती म्हणाली, "ही जास्त चांगली आहे." त्या बाईंच्या मुलाचे नाव मात्र मी आईला फोन करून विचारले. तिलाही आठवले नाही.