प्रश्न विचारण्याचा हक्क आणि आपले पोट

(संस्थेच्या वार्षिक पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संसद म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे गोंधळ, घोषणाबाजी आणि सभात्याग एवढेच चित्र उभे राहते. "त्या दिल्लीतल्या गोष्टी, आपल्याला त्यांचे काय?" असे आपण सहज म्हणून जातो. आपल्या घरातला भाऊ परदेशी नोकरीला जातो तेव्हा त्याने एजंटाला किती पैसे द्यावेत, किंवा शेजारच्या कारागिराला सरकारी कर्ज का मिळाले नाही, या प्रश्नांचा धागा त्याच दिल्लीतल्या सभागृहापर्यंत पोचतो. तो धागा आज आपल्याला दाखवावा, एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. आपल्या राज्यघटनेच्या 75 व्या कलमाप्रमाणे मंत्रिमंडळ हे लोकसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असते. ही जबाबदारी कागदावरच राहू नये म्हणून सभागृहाला काही साधने दिलेली आहेत. त्यांतील सर्वांत परिचित साधन म्हणजे प्रश्नोत्तराचा तास. लोकसभेत तो सकाळी 11 वाजता, कामकाजाच्या आरंभी असतो. तारांकित प्रश्नाला मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे असते आणि त्यावर सभासद पुरवणी प्रश्न विचारू शकतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळते. एका दिवसासाठी 20 तारांकित आणि 230 अतारांकित प्रश्न यादीत येतात. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नांत असते. तयार करून आणलेले उत्तर वाचून दाखवणे सोपे, पण त्यावर आलेल्या अनपेक्षित प्रश्नाला तोंड देणे अवघड. हे आम्हा शिक्षकांना वर्गात रोज अनुभवास येते! 2020 च्या पावसाळी अधिवेशनात साथीचे कारण देऊन प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला आणि केवळ लेखी उत्तरे दिली गेली. त्यावर एवढी टीका का झाली, हे यावरून आपल्या ध्यानात येईल.

दुसरे साधन म्हणजे समित्या. लोकलेखा समितीत 22 सभासद असतात, 15 लोकसभेचे व 7 राज्यसभेचे. मंत्र्याला तिचा सभासद होता येत नाही. 1967 पासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालावरून ही समिती सचिवांना समोर बसवून विचारते की, पैसा ज्या कामासाठी मंजूर झाला त्याच कामाला लागला काय?

आता एक खरी हकीकत सांगतो. सरकारी पैशाने खाजगी उद्योगाला हात द्यायचा तर तो कोणी, कोणत्या नियमाने आणि कोणाच्या सांगण्यावरून द्यायचा, याचा धडा आपल्या देशाने 1957 साली शिकला. आयुर्विमा महामंडळ 1 सप्टेंबर 1956 रोजी स्थापन झाले. लाखो सामान्य माणसांनी पोटाला चिमटा घेऊन भरलेले हप्ते त्याच्या तिजोरीत आले. जून 1957 मध्ये या महामंडळाने हरिदास मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे शेअर सुमारे सव्वा कोटी रुपयांना विकत घेतले. कंपन्यांची स्थिती चांगली नव्हती, आणि महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारलेही नव्हते.

लोकसभेत याविषयी प्रश्न आले. आरंभीची उत्तरे मोघम होती. पुढे 16 डिसेंबर 1957 रोजी फिरोज गांधी यांनी हा विषय आकडे आणि कागदपत्रे हाती घेऊन सभागृहात मांडला. ते सत्ताधारी काँग्रेस पक्षाचे खासदार होते, पंतप्रधान नेहरूंचे जावई होते. तरी त्यांनी आपल्याच सरकारला प्रश्न विचारला. परिणामी सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. त्या एकसदस्य आयोगाचे काम मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे आले. त्यांनी सुनावणी जाहीरपणे घेतली आणि अहवाल काही आठवड्यांत हातावेगळा केला. सचिवाने केलेल्या कृत्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याला टाळता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. हेच छागला पुढे 1963 मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री झाले, हे शिक्षणसंस्थेच्या मेळाव्यात आवर्जून सांगावेसे वाटते.

या प्रकरणातून व्यवस्थाही सुधारली. सरकारी महामंडळांच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी संसदेने 1964 मध्ये सार्वजनिक उपक्रम समिती नेमली. त्याआधी 1956 मध्ये फिरोज गांधींच्याच खाजगी विधेयकामुळे एक कायदा झाला होता. संसदेचे कामकाज प्रामाणिकपणे छापणाऱ्या वर्तमानपत्राला त्याने संरक्षण मिळाले. आणीबाणीत, 1976 मध्ये, तो रद्द झाला. 1977 मध्ये पुन्हा आला. संसदेत विचारलेला प्रश्न जनतेपर्यंत पोचला नाही तर तो अर्धाच राहतो, हे त्या दोन वर्षांनी सिद्ध केले.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रश्न विचारण्याचा हक्क विकताही येतो. 1951 मध्ये एच. जी. मुद्गल या सभासदावर मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू मांडल्याचा ठपका आला. सभागृहाच्या समितीने चौकशी केली आणि त्यांना सभासदत्व सोडावे लागले. डिसेंबर 2005 मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल 11 खासदारांची हकालपट्टी झाली. म्हणून प्रश्न कोण विचारतो, याबरोबरच तो कोणासाठी विचारतो, हेही आपण पाहिले पाहिजे. धनिकांना प्रश्न विचारून घ्यायला माणसे मिळतात. गरिबाचा प्रश्न विचारला जावा यासाठी गरिबालाच आपल्या प्रतिनिधीच्या दारी जावे लागते.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे वळतो. कोकणातील किती घरांच्या चुली आखातातल्या पगारावर पेटतात, ते मी आपल्याला सांगायला नको. परदेशी मजुरीला जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी संसदेने 1983 मध्ये उत्प्रवासन कायदा केला. त्याखाली नोंदणी केल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी माणसे भरता येत नाहीत. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून घ्यावयाची फी कमाल 30,000 रुपये आणि त्यावरील कर, एवढीच ठरलेली आहे. आपल्याकडे लाख-लाख रुपये मोजून, दागिने गहाण टाकून मुले पाठवली जातात. त्या पालकांपैकी किती जणांना हा आकडा ठाऊक आहे? फीचा हा आकडा मूळ कायद्यात नसून नियमांत आहे. असे नियम दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवावे लागतात आणि सभागृहाला ते बदलता येतात. म्हणजे आपल्या खिशातून जाणाऱ्या रकमेवरही संसदेची नजर असू शकते; मात्र ती नजर तिकडे वळवणारा कोणीतरी हवा.

येथे शाळेचा संबंध येतो. जो मुलगा दहावी उत्तीर्ण नाही, त्याच्या पासपोर्टावर सामान्यतः इ.सी.आर. हा शेरा येतो. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, संयुक्त अरब अमिराती धरून ठरावीक 18 देशांत नोकरीला जाताना त्याला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. ही मंजुरी म्हणजे निव्वळ अडवणूक नव्हे. तिच्यामुळे करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा 10 लाख रुपयांचा अपघात विमा उतरवावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांसाठी 275 रुपये व तीन वर्षांसाठी 375 रुपये आहे. ही तपासणी चुकवण्यासाठी एजंट मुलांना भेटीच्या व्हिसावर पाठवतात. मग तिकडे गेल्यावर काम एक, पगार दुसरा, पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि दाद मागायला हातात करारच नाही, अशी त्या मुलाची गत होते. नववीतून शाळा सोडून "बाहेर" जाण्याची स्वप्ने पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांनी याचा विचार करावा. दहावीचे प्रमाणपत्र त्याच्या पासपोर्टाचा दर्जा बदलते. आणि स्वतःचा करार स्वतः वाचता येणे ही त्याहून मोठी कमाई आहे.

अधिवेशनामागून अधिवेशनात खासदार परराष्ट्र मंत्रालयाला विचारतात की, कोणत्या राज्यातून किती कामगार गेले, वेतन न मिळाल्याच्या किती तक्रारी आल्या, किती बेकायदा एजंटांवर कारवाई झाली. ही उत्तरे छापली जातात, संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. हा कायदा बदलण्यासाठी सरकारने 2021 मध्ये आणि पुन्हा 2025 मध्ये नवे मसुदे प्रसिद्ध करून नागरिकांच्या सूचना मागवल्या. ज्यांची मुले तिकडे घाम गाळतात, त्यांनीच अशा वेळी गप्प बसणे बरे नव्हे.

म्हणून शेवटी चार गोष्टी सुचवतो. पहिली, दहावी होण्यापूर्वी मुलाला शाळेतून काढू नका. दुसरी, एजंटाची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासल्याखेरीज एक पैसाही देऊ नका, आणि दिलात तर पावती घ्या. तिसरी, अडचण आली तर ती तारीख, नाव, रक्कम यांसह लिहून काढा व आपल्या खासदाराला पत्राने कळवा. तोंडी गाऱ्हाण्यावर प्रश्न तयार होत नाही, कागदावर होतो. कर्ज-अनुदानाच्या योजनांचेही तसेच. अर्ज का नाकारला, हे दहा रुपये भरून माहितीच्या अधिकारात विचारा, आणि तेच उत्तर जोडून आमदार-खासदारांना लिहा. चौथी गोष्ट आम्हा शिक्षकांसाठी. नागरिकशास्त्राच्या तासाला प्रश्नोत्तराच्या तासाची व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा, संसदेतले एक खरे उत्तर वर्गात वाचावे आणि मुलांना विचारावे, "यावर तुम्ही कोणता पुरवणी प्रश्न विचाराल?"

असे विचारायला शिकलेला मुलगा उद्या दुबईत जावो, मुंबईत गाळा घेवो की गावात राहून शेती करो, समोर आलेल्या कागदावर तो न वाचता अंगठा उठवणार नाही. आपल्या संस्थेने एवढे साधले तरी इमारतीसाठी पै-पै देणाऱ्यांचे कष्ट सार्थकी लागतील.