वाट चुकलेली ग्रंथी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्यांनी फळ्यावर काढलेली मानेची आकृती मला अजून आठवते. कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला बिलगून बसलेले फुलपाखरू, म्हणजे थायरॉइड ग्रंथी. ते नेहमी तिथेच असते असे नाही, हे मला पुढे एका मुलीमुळे उमगले.

तिच्या मानेच्या मध्यभागी, कंठमण्याच्या वर, सुपारीएवढी गाठ होती. दुसरीकडे ती साधी गाठ समजून काढण्यात आली. दीड वर्षाने ती माझ्याकडे आली तेव्हा चेहरा सुजलेला, त्वचा कोरडी, उंची खुंटलेली; वर्गात पहिली येणारी पोर बाकावर पेंगू लागली होती. जी काढली गेली, ती तिच्या शरीरातील एकमेव थायरॉइड होती.

गर्भाच्या चौथ्या आठवड्याच्या सुमारास ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी अंकुरते आणि सातव्या आठवड्यापर्यंत मानेत उतरते. हा प्रवास अडला की ती वाटेतच राहते. दहापैकी नऊ वेळा जिभेच्या मुळाशीच. अशा रुग्णांपैकी सुमारे ७० टक्क्यांच्या मानेत दुसरी ग्रंथी नसतेच.

संपूर्ण ग्रंथी काढल्याचे परिणाम स्वित्झर्लंडच्या थिओडोर कोखर यांनी आपल्याच जुन्या रुग्णांना पुन्हा तपासून १८८३ साली जाहीरपणे मांडले. १९०९ च्या नोबेल पारितोषिकापेक्षा मला त्यांचा हा कबुलीजबाब मोठा वाटतो.

म्हणून शस्त्र हाती घेण्यापूर्वी सोनोग्राफीने पाहावे, ग्रंथी तिच्या जागी आहे काय. शंका असल्यास टेक्नेशियमचा स्कॅन आणि रक्ततपासणी करावी. त्रास नसेल तर गाठीवर नुसते लक्ष ठेवणे पुरते. संप्रेरक अपुरे पडले की मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी तगादा लावते आणि गाठ फुगते. तारुण्यात व गरोदरपणात विशेष. थायरॉक्सिनची गोळी हा तगादा थांबवते, गाठ हळूहळू आक्रसते. श्वास वा घास अडला, रक्त येऊ लागले, कर्करोगाची शंका आली, तर मात्र शस्त्रक्रिया टाळू नये. ती न सोसणाऱ्यास किरणोत्सारी आयोडीन देता येते. गर्भवतीस कदापि नाही. यानंतर गोळी बहुधा जन्मभराची.

मानेच्या बाजूला आढळणाऱ्या थायरॉइडची गोष्ट वेगळी. तिलाही पूर्वी वाट चुकलेली म्हणत. बहुतेक वेळा तो लसीकाग्रंथीत पसरलेला थायरॉइडचा कर्करोग असतो. तेथे वाट पाहत बसणे परवडणारे नाही.

ती मुलगी आता स्वतः शिक्षिका आहे. पहाटे उपाशीपोटी गोळी घेते. दिवस राहिल्याचे कळताच मात्रा वाढवून घेण्यासाठी ती आली, आणि बाळाच्या टाचेतील रक्ताची तपासणी तर तिने मी सांगण्याआधीच करवून घेतली होती.