वाचकावांचून कविता नाहीं

कविता कशी शिकवावी, हें शिक्षकाला कोणीं शिकवावें? न्यूयॉर्क विद्यापीठांत १९४८ पासून १९७२ पर्यंत लुईझ रोझेनब्लॅट या विदुषी भावी इंग्रजी शिक्षकांना घडवीत होत्या. १९३८ सालींच आपल्या ग्रंथांत त्यांनीं प्रतिपादिलें होतें कीं, छापील अक्षरें म्हणजे काव्य नव्हे. वाचकाचें मन त्यांस भिडेल तेव्हांच तें जन्मास येतें. म्हणून शिक्षकानें आपला अर्थ विद्यार्थ्यांच्या माथीं मारूं नये. त्यांना काय वाटलें, तें आधीं ऐकावें. मात्र कोणताही अर्थ चालेल, असें त्या म्हणत नसत. प्रत्येकानें पुन्हां मूळ शब्दांकडे वळून आपला अर्थ पारखावा, हा त्यांचा आग्रह. तयार टिपणें घोकून परीक्षा साधेल. परंतु स्वतः वाचण्याची शक्ति त्यानें येणार नाहीं.