बुंदीचा प्रवास : शहाड ते हार्विच
(स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



मला आज विषय दिला होता 'परदेशातील माझी वाटचाल'. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर संगणकासमोर बसून स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या चुका शोधते. त्यात दहा मिनिटं ऐकण्यासारखं काही नाही. म्हणून मी आमच्या कुत्रीची वाटचाल सांगणार आहे. ती तुम्हाला अनोळखी नाही. आपल्या ग्रुपवर माझ्यापेक्षा तिचेच फोटो जास्त आले आहेत.

माझे बाबा सेंच्युरी रेयॉनमध्ये होते, हे इथे बहुतेकांना माहीत आहे. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी बिर्ला मंदिरापर्यंत फिरायला जायचे. २०१६ साली एक दिवस तिथून एक तांबूस पिल्लू त्यांच्या मागे मागे घरी आलं. वाटेत बाबांनी त्याला प्रसादाची बुंदी दिली होती. नाव शोधावं लागलं नाही. आई म्हणाली, "कुत्रं घरात नको." आठ दिवसांनी आईच तिच्यासाठी वेगळी भाकरी टाकायला लागली.

जून २०२२ मध्ये बाबा गेले. दादा आईला डोंबिवलीला घेऊन गेला. त्याच्या मुलाला दमा आहे, डॉक्टरांनी घरात जनावर नको म्हणून बजावलेलं. बुंदी आमच्या बंद दाराबाहेर बसून राहायला लागली. शेजारी खायला घालत होते, पण सहा वर्षं घरात झोपलेलं जनावर रस्त्यावर कसं राहणार? रस्त्यावरच्या कुत्र्यांनी एकदा तिचा कान फाडला. आई फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा रात्री दाराला कडी लावायच्या आधी ती आत आली का बघायचे." त्या रात्री मी इप्स्विचमध्ये बसून ठरवलं, बुंदीला इकडे आणायचं.

आता मी इंजिनिअर. मला वाटलं, यादी करू, एकेका गोष्टीवर खूण करू, झालं. रेबीजची लस, मायक्रोचिप, रक्ततपासणी, प्रमाणपत्र. जुलैमध्ये दादानं तिला लस टोचून आणली आणि चार दिवसांनी चिप बसवली. मी दोन्हीवर खूण केली. पुढे नियम नीट वाचताना कळलं की चिप आधी आणि लस नंतर हवी. चिपच्या आधी दिलेली लस त्यांच्या लेखी दिलेलीच नाही, कारण ती याच कुत्र्याला दिली याला पुरावा काय? क्रम चुकला होता. ज्या चुकीबद्दल मी ऑफिसात पोरांना ओरडते, तीच मी केली होती.

म्हणून ऑगस्टमध्ये पुन्हा लस. त्यानंतर किमान तीस दिवसांनी रक्त काढायचं, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचं. लसीचा परिणाम ०.५ युनिट किंवा त्याहून जास्त दिसला पाहिजे. तो दिसला तरी भारतासारख्या देशातून येणाऱ्या कुत्र्यानं रक्त काढल्या दिवसापासून आणखी तीन महिने थांबायचं. रक्त १० सप्टेंबरला काढलं. म्हणजे १० डिसेंबरच्या आधी निघता येणार नव्हतं.

मी चिडले होते. निरोगी कुत्री, अहवाल चांगला, मग तीन महिने कशासाठी? आणि तोपर्यंत ती राहणार कुठे? मी आपल्या ग्रुपवर विचारलं. अर्धा तास कोणीच काही बोललं नाही. मग एकानं लिहिलं, "माझ्याकडे आण."

तो आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. नाव घेतलंस तर उठून जाईन, असं त्यानं बजावलंय, म्हणून घेत नाही. पण तो कोण, हे सहावीच्या वर्गाला लगेच कळेल. शाळा सुटल्यावर फाटकापाशी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, तो हाच. त्या काळी ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवायचे आणि पोटात टोचायचे. चौदा दिवस तो सरकारी दवाखान्यात जाऊन यायचा आणि पोट धरून बाकावर बसायचा. बाईंनी त्याला त्या दिवसांत एकदाही उभं केलं नाही, हे मला आठवतं. तेव्हापासून तो कुत्रं दिसलं की रस्ता बदलतो. दहावीला असताना आम्ही त्यावरून त्याला हसायचो. आज त्याची माफी मागते.

या माणसानं बुंदीला पाच महिने सांभाळलं. पहिले आठ दिवस तो काठीनं ताटली पुढे सरकवायचा. गणपतीत ती त्याच्या दाराशी बसायला लागली. रक्त काढायच्या दिवशी तिला धरायला दुसरं कोणी नव्हतं. तेव्हा त्यानं डोळे मिटून तिला धरलं आणि म्हणाला, "माझ्या पोटात चौदा गेल्यात, तुझ्या पायात एक जाऊ दे." दसऱ्याचा फोटो तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. तो पेपर वाचतोय आणि ती त्याच्या पायावर डोकं ठेवून झोपली आहे.

त्या तीन महिन्यांचं कारण मला त्यानंच समजावलं. फोनवर मी कुरकुर करत होते. तो म्हणाला, "अगं, चावल्यावर मला लगेच काही झालं नव्हतं. डॉक्टर आईला म्हणाले होते, हे विष दोन-तीन महिने गप्प बसतं." बरोबरच होतं त्याचं. रेबीज बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी डोकं वर काढतो, कधी त्याहूनही उशिरा, आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस काय, कुत्रं काय, जवळजवळ कोणीच वाचत नाही. लस लागू पडली, हे रक्ताच्या अहवालावरून कळतं. लसीच्या आधीच रोग आत शिरला नव्हता ना, हे फक्त वेळच सांगू शकते. ब्रिटनमध्ये कुत्र्यांतला रेबीज उरलेला नाही आणि तो परत येऊ नये म्हणून ते फार जपतात. २००० सालापर्यंत परदेशातून आलेल्या जवळजवळ प्रत्येक कुत्र्याला तिथे सहा महिने विलगीकरणात ठेवत. भारतासारख्या देशांसाठी हे २०११ अखेरपर्यंत चालू होतं. त्या मानानं बुंदीनं आपले महिने शहाडमध्ये, मित्राच्या ओट्यावर काढले.

डिसेंबरमध्ये मी तिला न्यायला आले. ब्रिटनमध्ये विमानानं कुत्रा न्यायचा तर तो वेगळा, माल म्हणूनच न्यावा लागतो. युरोपात मात्र तो आपल्याच विमानानं नेता येतो. म्हणून आपल्याकडची बरीच माणसं ॲमस्टरडॅमला उतरतात आणि पुढे बोटीनं जातात. मुंबईच्या ॲनिमल क्वारंटाईन कार्यालयाचे सही-शिक्के घेतले. युरोपसाठी एक प्रमाणपत्र, ब्रिटनसाठी दुसरं, दोन्हींची मुदत दहा दिवसांची. विमानतळावर तिला पिंजऱ्यात घालायला तोच आला होता. पिंजऱ्यात त्यानं स्वतःचा जुना शर्ट टाकला आणि मागे वळून न बघता निघून गेला.

बुधवारी सकाळी ॲमस्टरडॅमला उतरलो. नवरा इंग्लंडहून गाडी घेऊन आला होता. एक शेवटचं काम उरलं होतं. कोल्ह्याकुत्र्यांत एक फीतकृमी असतो, तोही ब्रिटनमध्ये नाही. म्हणून तिथे पोचण्याच्या आधी चोवीस ते एकशेवीस तासांच्या दरम्यान डॉक्टरनं स्वतः जंताची गोळी द्यायची आणि कागदावर वेळ लिहायची. डच डॉक्टरनं ११ वाजता गोळी दिली. नवरा म्हणाला, "उद्याचं तिकीट बदलून आज रात्री १० च्या बोटीनंच जाऊ, सकाळी साडेसहाला घरच्या बंदरात." मी बोटांवर मोजलं. साडेएकोणीस तास. घड्याळातला एका तासाचा फरक धरला तरी साडेवीस. कमी पडत होते. जुलैची चूक आठवली आणि मी म्हटलं, "उद्याच."

दुसऱ्या रात्री हूक ऑफ हॉलंडच्या बंदरात गाड्यांच्या रांगेत उभे राहिलो. समोरची बोट जवळजवळ दोनशे चाळीस मीटर लांब, आत ट्रकच्या रांगाच्या रांगा शिरत होत्या. खिडकीतल्या बाईनं आधी आमचे पासपोर्ट घेतले, मग बुंदीची कागदं. तिनं प्रत्येक तारीख बोट ठेवून वाचली. मग चिप वाचायचं यंत्र गाडीच्या खिडकीतून माझ्या हातात दिलं. मी ते बुंदीच्या मानेवरून फिरवलं. काहीच नाही. पुन्हा फिरवलं. नाही. मागे गाड्या खोळंबल्या होत्या, माझे हात थरथरत होते. तिसऱ्यांदा खांद्याच्या बाजूला नेलं आणि ते वाजलं. पंधरा आकडे. बाईनं एकेक आकडा कागदाशी ताडून पाहिला आणि हसून मान डोलावली.

त्या कागदांत एक प्रतिज्ञापत्र होतं. हे जनावर विकायला नेत नाही, असं त्यात मालकानं लिहून द्यायचं असतं. मुंबईत ते भरताना 'मालक' या शब्दापाशी माझं पेन थांबलं होतं. मालक कोण? जे तिला घेऊन आले ते बाबा, जिनं भाकरी टाकली ती आई, की डोळे मिटून तिला धरणारा माझा मित्र? शेवटी माझं नाव लिहिलं. तोपर्यंत मला वाटत होतं, सरहद्दीवरचा माणूस आपल्याला अडवायला उभा असतो. त्या रांगेत लक्षात आलं, तो एकच प्रश्न विचारत असतो. या जीवाची जबाबदारी कोणाची? माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं, आणि ते एकटीचं नव्हतं.

बोट सुटल्यावर गाडीपाशी कोणाला थांबू देत नाहीत. आम्ही जनावरं नेता येतील अशी केबिन घेतली होती. बुंदी त्या शर्टावर बसून रात्रभर दाराकडे बघत होती. समुद्र खवळलेला होता. डेकवर कुत्र्यांसाठी ठेवलेल्या कोपऱ्यात तिला तीनदा नेलं, पण शहाडची कुत्री, तिला ते रुचेना. हार्विचला गाडी बाहेर काढली तेव्हा अंधारच होता. पहिल्या हिरवळीवर तिला उतरवलं आणि तिनं एवढा वेळ धरून ठेवलेलं सगळं इंग्लंडला अर्पण केलं.

मला तेव्हा तेरेखोल आठवलं. आमचं मूळ गाव रेडी. लहानपणी एका मे महिन्यात बाबांनी आम्हाला केरीहून फेरीबोटीनं तेरेखोलला नेलं होतं. नदी ओलांडली तरी तिथला किल्ला गोव्याचाच, आणि थोडं पुढे गेलं की आपला सिंधुदुर्ग. त्या बोटीत कोणाचंसं कुत्रं ऐटीत पुढे उभं होतं. त्याला कोणी काही विचारलं नाही. मी बाबांना विचारलं, "हद्द नक्की कुठे लागते?" ते म्हणाले, "कुत्र्याला विचार, त्यालाच ठाऊक." बाबांची ती बोट चांगली होती, यात वाद नाही. पण ज्या देशात कुत्र्याला कोणी काही विचारत नाही, त्याच देशात माझ्या मित्राच्या पोटात चौदा इंजेक्शनं गेली होती.

म्हणून शेवटी एक मागणं. पोटातली ती इंजेक्शनं २००५ च्या सुमारास बंद झाली. आता दंडात चार-पाच घेतली की भागतं. चावल्यावर लगेच पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्यानं जखम धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. जखम खोल असेल तर सीरमही लागतं. हे शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ हवं. एखाद्या भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली तर तिथली रोगाची साखळी तुटते. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचा, असा केंद्र सरकारचा २०२१ चा आराखडा आहे. २८ सप्टेंबरला जागतिक रेबीज दिन असतो. आपल्या बॅचच्या निधीतून दरवर्षी त्या दिवशी शाळेच्या आसपासच्या कुत्र्यांना लस देऊ या. पहिल्या वर्षाचा खर्च माझा. कुत्री धरायला कोण येणार, ते तिसऱ्या रांगेला विचारा.

बुंदी आता नऊ वर्षांची आहे. आई रविवारी व्हिडिओ कॉलवर विचारते, "बुंदे, जेवलीस का?" ती कान टवकारते, फोनच्या मागे जाऊन वास घेते आणि परत येऊन बसते. तो शर्ट अजून तिच्या अंथरुणात आहे. फाटला आहे, पण धुवायला घेतला की ती गुरगुरते. मित्रा, शर्ट परत मिळणार नाही. नवीन आणला आहे, जाताना घेऊन जा.