सिंधू संस्कृतीतील व्यापार आणि अर्थजीवन

सिंधू नदीचे खोरे, तिच्या पूर्वेचे घग्गर-हाक्रा नदीचे पात्र आणि दक्षिणेला कच्छ-सौराष्ट्राचा किनारा एवढ्या विस्तृत प्रदेशात इसवी सनपूर्व २६०० ते १९०० या काळात एक नागरी संस्कृती नांदली. हडप्पा, मोहेंजोदडो, राखीगढी, धोलावीरा ही तिची मोठी नगरे. त्यांच्याभोवती शेकडो लहान गावे आणि कारागिरांच्या वसाहती पसरल्या होत्या. हडप्पा येथे १९२१ मध्ये आणि मोहेंजोदडो येथे १९२२ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या शोधाची वार्ता जगाला दिली. तेव्हापासून तेथील सांडपाण्याची गटारे, स्नानकुंड आणि काटकोनात आखलेले रस्ते यांचे कौतुक भरपूर झाले आहे. मात्र या समाजाचे खरे मोठेपण त्याच्या बाजारात शोधावे लागते. या लोकांनी नाणे पाडले नाही. त्यांची लिपी अजून वाचता आलेली नाही, त्यामुळे त्यांच्या देवघेवीचे हिशेब, करार किंवा राजाज्ञा उपलब्ध नाहीत. जे कळते ते वजने, मुद्रा, मणी, बांगड्या, मडकी यांवरून आणि परक्यांनी लिहून ठेवलेल्या नोंदींवरून.

अर्थजीवनाचा पाया शेतीचा होता. पुराच्या गाळावर गहू आणि जव ही रब्बीची पिके येत. जोडीला वाटाणा, तीळ, खजूर असे. गुजरातच्या बाजूला पावसावर येणारी भरड धान्ये जास्त पिकत. राजस्थानातील कालीबंगन येथे तर नगराच्याही आधीच्या काळातले नांगरलेले शेत जसेच्या तसे सापडले. त्यात एका दिशेच्या तासांना दुसऱ्या दिशेची तासे काटकोनात छेदतात. त्या भागातले शेतकरी एकाच शेतात दोन पिके घेण्यासाठी आजही अशीच तासे काढतात. बैल, म्हैस, शेळ्या-मेंढ्या घरोघर होत्या. कापसाची गोष्ट विशेष महत्त्वाची. मोहेंजोदडो येथील चांदीच्या एका भांड्याला चिकटून राहिलेला सुती कापडाचा तुकडा टिकला, कारण धातूच्या क्षारांनी तो कुजू दिला नाही. अशा एखाद्या तुकड्यामागे किती विणकर असतील याचा अंदाज करावा तेवढा थोडाच, कारण कापड सहसा मातीत उरत नाही.

गाळाच्या सपाटीवर धान्य विपुल पिकते, पण तिथे दगड नसतो, धातू नसतो, इमारती लाकूडही फारसे नसते. नगरांची ही अडचणच व्यापाराचे मूळ ठरली. सुऱ्या आणि पात्यांसाठी लागणारा चर्ट हा गारगोटीसारखा दगड सिंधमधील रोहरीच्या टेकड्यांतून येई. तांबे राजस्थानातील खेत्रीच्या परिसरातून आणि समुद्रापलीकडच्या ओमानमधून येई. लाल अकिकाच्या खाणी आजच्या भरूचजवळ रतनपूरला होत्या. शंख सौराष्ट्र आणि मकरानच्या किनाऱ्यावर मिळे, तर देवदार हिमालयाच्या उतारावरून उतरे. निळ्या लाजवर्दाची खाण थेट अफगाणिस्तानातील बदख्शानच्या डोंगरात होती. त्या डोंगरांच्या वाटेवर, अमुदर्या नदीच्या काठी, शोर्तुगाई येथे सिंधू लोकांनी स्वतःची वसाहतच उभी केली. सिंधूच्या मैदानापासून इतक्या दूर, उंच खिंडींपलीकडे वस्ती करून राहायचे, आपल्याच पद्धतीच्या विटा आणि मडकी घडवायची, यावरून कच्च्या मालाचा पुरवठा त्यांनी नशिबावर सोडला नव्हता हे दिसते.

आलेल्या मालावर नगरांत आणि छोट्या औद्योगिक गावांत प्रक्रिया होई. सिंधमधील चन्हुदडो आणि गुजरातमधील लोथल येथे मणी घडवणाऱ्यांची कामाची ठिकाणे सापडली आहेत. मातकट पिवळसर अकीक आधी उन्हात वाळवत, मग मडक्यात घालून मंद आचेवर भाजत. दगडातल्या लोहामुळे तो लाल होई. त्यानंतर टवके काढून त्याला आकार द्यायचा, घासून गुळगुळीत करायचा आणि शेवटी छिद्र पाडायचे. हे शेवटचे काम सर्वांत कठीण. लांब मण्यांसाठी एका अतिशय कठीण दगडाचे बारीक गिरमिट वापरले जाई. चन्हुदडोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून या दगडाला आता अर्नेस्टाइट म्हणतात. आधुनिक प्रयोगांत या गिरमिटाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर छिद्र पडले. म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या एका मण्याच्या नुसत्या छिद्रालाच चाळीस तास लागणार, तेही मणी मधेच तडकला नाही तर. अशा मण्यांचे आख्खे कमरपट्टे सापडले आहेत. ते घडवणाऱ्यांचे पोट महिनोन्महिने दुसऱ्या कोणाच्या धान्यावर चालत होते आणि एवढ्या श्रमाची किंमत मोजणारी गिऱ्हाइकेही होती. अकिकाच्या लाल पृष्ठावर क्षाराच्या द्रावणाने पांढरी नक्षी काढून ती भाजून पक्की करण्याची कलाही याच कारागिरांची. शंखाच्या बांगड्यांचे काम किनाऱ्यावरील नागेश्वरसारख्या गावांत चाले. तिथे माल निम्मा-अर्धा घडवून पुढे पाठवला जाई.

या साऱ्या देवघेवीला शिस्त लावली ती वजनांनी. चर्टचे घासून चकचकीत केलेले घनाकृती तुकडे जवळजवळ प्रत्येक स्थळी मिळतात. त्यांवर आकडा नाही, चिन्ह नाही, पण तोल पक्का आहे. सर्वांत लहान वजनांपैकी एक सुमारे ०.८५ ग्रॅमचे, त्याच्या दुप्पट १.७, मग ३.४, ६.८ आणि १३.७ ग्रॅम अशी ही दुपटीची चढण आहे. यातले १३.७ ग्रॅमच्या आसपासचे वजन सर्वांत जास्त सापडते. वरच्या टप्प्यावर दहाच्या पटींचा हिशेब सुरू होतो आणि मोठी वजने दहा किलोच्याही वर जातात. मेट्रिक पद्धत येण्यापूर्वी महाराष्ट्रातला वाणी शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक अशा निम्म्या-निम्म्याने उतरणाऱ्या मापांनी जसा माल तोलून देई, तशीच ही सोय आहे. मोजकी वजने जवळ असली तरी पारड्यात हवी ती भर घालता येते. हे वजन हडप्पात जे भरे, तेच हजार किलोमीटरवरच्या लोथललाही भरे. लांबी मोजण्यासाठी बारीक रेघांच्या पट्ट्या होत्या. लोथलच्या हस्तिदंती पट्टीवर दोन रेघांतले अंतर सुमारे १.७ मिलिमीटर आहे. विटांची उंची, रुंदी आणि लांबीही सर्वत्र १:२:४ याच प्रमाणात. कोणत्याही सम्राटाचे नाव, पुतळा किंवा खात्रीचा राजवाडा हाती लागलेला नसताना ही एकवाक्यता सातशे वर्षे टिकावी, यापेक्षा मोठे नवल या संस्कृतीत दुसरे नाही. हडप्पाच्या वेशीजवळ वजने सापडली आहेत. त्यामुळे नगरात शिरणाऱ्या मालावर तिथे कर घेतला जात असावा, असे काही संशोधक मानतात.

मालाची ओळख आणि जबाबदारी मुद्रांवर असे. शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचा दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोन, त्यावर एक प्राणी, बहुधा एकशिंगी, आणि वर लिपीची चार-पाच चिन्हे कोरलेली. पाठीमागे दोरी ओवायला भोक. कोरून झाल्यावर मुद्रा भाजून कठीण आणि पांढरी करत. तिचा उपयोग कसा होई, हे लोथलने दाखवून दिले. तिथे कच्च्या विटांच्या उंच चौथऱ्यांवर उभारलेली वखार होती. ती आगीत सापडली आणि मालाच्या गाठोड्यांवर लावलेली ओली माती भाजून निघून कायमची टिकली. अशा ठशांच्या मातीच्या गोळ्यांवर पुढून मुद्रेचा छाप आहे, तर मागून चटई, विणलेले कापड आणि सुतळीच्या गाठी उमटल्या आहेत. गाठोडे बांधले, गाठीवर माती थापली, मुद्रा उठवली. वाटेत कोणी हात घातला तर माती फुटणार आणि घेणाऱ्याला ते कळणार. न वाचता येणाऱ्या लिपीच्या काळातला हा पुरावा कोणत्याही लेखाइतकाच बोलका आहे.

देशांतर्गत वाहतूक बैलगाड्या, ओझ्याची जनावरे आणि नद्यांतल्या नावा यांवर चाले. भाजलेल्या मातीच्या खेळण्यातल्या गाड्या आणि बैल ढिगांनी मिळतात. मोहेंजोदडो येथील एका मुद्रेवर सपाट तळाची, मध्ये खोप असलेली नाव कोरलेली आहे. समुद्रावरचा मार्ग मकरान किनाऱ्याच्या कडेने इराणच्या आखाताकडे जाई. त्या वाटेवर सुत्कागेनदोर हे तटबंदीचे ठाणे होते. लोथलला पक्क्या विटांनी बांधलेला, सुमारे २२० मीटर लांब आणि ३७ मीटर रुंद असा मोठा हौद आहे. उत्खनक एस. आर. राव यांनी ती जहाजांची गोदी ठरवली. काही अभ्यासक तो सिंचनाचा किंवा पिण्याच्या पाण्याचा तलाव मानतात. वाद संपलेला नाही, पण शेजारची वखार, तिथले ठसे आणि त्याच गावात मिळालेली आखाती पद्धतीची गोल मुद्रा पाहता लोथलचा दूरच्या व्यापाराशी असलेला संबंध त्या हौदावर अवलंबून नाही.

पलीकडच्या बाजूने मिळणारा पुरावा आणखी ठोस आहे. ओमानच्या टोकाला रास अल-जिन्झ येथे डांबराचे तुकडे मिळाले. त्यांच्या एका अंगाला बोरूच्या मोळ्यांचे आणि चटईचे ठसे, तर दुसऱ्या अंगाला समुद्री किड्यांची कवचे आहेत. बोटीला बाहेरून दिलेल्या लेपाचेच हे तुकडे. ओमानमध्ये सिंधू बनावटीचे मोठे काळे रांजण सापडतात, तर बहारीनमध्ये सिंधूची वजने. मेसोपोटेमियात उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीतून लिओनार्ड वुली यांनी लाल अकिकाचे लांब आणि नक्षीदार मणी बाहेर काढले. तिथल्या लेखांत दिलमुन, मगन आणि मेलुहा या तीन देशांची नावे वारंवार येतात. बहुतेक विद्वान दिलमुन म्हणजे बहारीनचा परिसर, मगन म्हणजे ओमान आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे मानतात. अक्कडचा राजा सारगॉन याने, इसवी सनपूर्व चोविसाव्या-तेविसाव्या शतकात, या तिन्ही देशांची जहाजे आपल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात अशी बढाई कोरून ठेवली. मेलुहाकडून लाकूड, लाल अकीक, हस्तिदंत, सोने येई. त्या काळातल्या एका दंडगोल मुद्रेचा मालक शु-इलिशू हा मेलुहाच्या भाषेचा दुभाषा होता. ही मुद्रा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. लगश प्रांतात पुढे मेलुहावाल्यांचे एक गावच नोंदले गेले. म्हणजे माल सोडून परतणाऱ्यांबरोबर तिथे स्थायिक झालेली कुटुंबेही होती.

उलट दिशेने काय आले, हे मात्र सिंधूच्या मातीत फारसे दिसत नाही. मेसोपोटेमियाची मुख्य निर्यात लोकर, लोकरी वस्त्रे, तेल आणि धान्य यांची होती. या गोष्टी कुजून जातात. परदेशी वस्तू थोड्या सापडतात म्हणून व्यापार एकतर्फी होता, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

इसवी सनपूर्व १९०० च्या सुमारास ही घडी विस्कटली. पाऊसमान घटले, घग्गर-हाक्राचे पात्र आटत गेले, मोठी नगरे ओस पडू लागली आणि वस्ती पूर्वेकडे व गुजरातेकडे सरकली. याच सुमारास मेसोपोटेमियाचे आखाती दळणवळणही दिलमुनच्या हाती एकवटले आणि मेलुहाचे नाव व्यापारी नोंदींतून नाहीसे झाले. लेख कोरलेल्या चौकोनी मुद्रा आणि घनाकृती वजने दोन्ही वापरातून गेली. दूरदूरच्या लोकांना एकमेकांवर विश्वास ठेवायला लावणारी साधनेच उरली नाहीत.

या पडत्या, म्हणजे उत्तर हडप्पा काळातल्या लोकांची वस्ती दक्षिणेकडेही उतरली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी असलेल्या दायमाबाद येथे त्यांच्या पद्धतीची मडकी आणि सिंधू लिपीचे चिन्ह असलेली मातीची मुद्रा मिळाली. त्याच गावात १९७४ मध्ये रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस अशा चार भरीव कांस्यमूर्ती योगायोगाने हाती लागल्या. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक भरते. त्यांच्या काळाबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. धातूचे रासायनिक प्रमाण दायमाबादच्या इतर वस्तूंशी जुळत नाही, हा एका बाजूचा आक्षेप आहे. पण त्या उत्तर हडप्पाच्याच ठरल्या, तर उत्तरेची नगरे मोडत असतानाही एवढे तांबे दूरवरून प्रवरेपर्यंत पोहोचवणारे कोणीतरी व्यापारी शिल्लक होते, असे म्हणावे लागेल.