अर्धा कोयता

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला मी बीडहून ऊसतोडीला जाते. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मात्र नवऱ्याच्या हाती. मुकादमाच्या वहीत माझं नावच नाही.

पौषात पहाटे कोपीतून निघावं, तर उसाचा पाला दवानं भिजलेला, बोटं वळत नाहीत. तो तोडतो, मी मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पाळीत बसून राहिलं तर खाडा, खाड्याला दंड. मग कितीजणी पिशवीच काढून घेतात. २०१९ च्या सरकारी पाहणीत बीडच्या ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांवर अशा निघाल्या.

माझं मागणं एवढंच: वहीत माझं नाव लिहा, माझी मजुरी माझ्या हातात द्या, खाड्याचा दंड बंद करा.